पांगुळगाड्याच्या पुढे : लेकरांच्या उपचारांची वाटचाल आणि आपला जालना जिल्हा



जालना जिल्ह्याचा इतिहास सांगा म्हटले, की वर्गातला हुशार मुलगा उभा राहतो आणि असईची लढाई सांगू लागतो. २३ सप्टेंबर १८०३ हा दिवस, एकीकडे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि दुसरीकडे इंग्रजांचा वेलस्ली. दुसरा मुलगा जांब हे समर्थांचे जन्मगाव म्हणून सांगतो. तिसऱ्याला भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन एवढे ठाऊक असते. हे सारे ठीकच आहे. पण घरोघरच्या मायबापांच्या काळजाशी जोडलेला एक इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकात येत नाही. जे लेकरू वेळेवर मान धरत नाही, बसत नाही, चालत नाही, ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याच्यासाठी माणसाने काय काय केले, त्याचा हा इतिहास आहे. मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ही विद्या कोठून निघाली, कोणत्या वाटेने आपल्या जिल्ह्यापर्यंत पोचली आणि तिचा शेवटचा टप्पा अजून का उरला आहे, हे सांगणे माझ्या कामात बसते.

प्रथम आपल्या घरातच पाहू. आपल्याकडे बाळंतघरात बाळाला तेल लावून चोळण्याची, अंग मोकळे करण्याची रीत जुनी आहे. पाळण्यावर चिमण्यांचा चाळा टांगतात, कानाजवळ खुळखुळा वाजवतात, मांडीवर बसवून बडबडगीते म्हणतात. आणि मूल उभे राहू लागले, की सुताराकडून तीन चाकांचा पांगुळगाडा करून आणतात. या साध्या वस्तूंत किती शहाणपण आहे पाहा! चाळा म्हणजे डोळ्यांचा अभ्यास, खुळखुळा म्हणजे कानांचा अभ्यास, बडबडगीत म्हणजे वाचेचा अभ्यास आणि पांगुळगाडा म्हणजे तोल सांभाळण्याचा अभ्यास. शिवाय नकळत परीक्षाही होऊन जाते. आजी खुळखुळा वाजवते आणि नातू वळून पाहत नाही, तेव्हा पहिली शंका तिलाच येते. आजच्या बालरोगतज्ज्ञाच्या किती तरी आधी ती म्हणते, ‘अगं, याला ऐकू येतंय ना?’

पण आपली परंपरा येथवर येऊन थांबली. शंका आली, तरी पुढे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मग सटवाईने पाचवीच्या रात्री कपाळी लिहिले ते चुकत नाही, असे म्हणून घरचे लोक गप्प बसत. नाही तर नवस, गंडा, ताईत. काही ठिकाणी तर बिब्ब्याचे किंवा तापल्या सळईचे डाग देत. त्या बिचाऱ्या जीवाच्या मूळ दुखण्यात जखमेची भर पडे. यात मायबापांचे प्रेम कमी होते असे कोणी समजू नये. ज्ञान नव्हते, आणि ज्ञान जेथे होते तेथपर्यंत वाट नव्हती.

ज्ञानाची पहिली वाट शाळांच्या रूपाने निघाली. मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिर मुलांची शाळा निघाली. ती आपल्या देशातली अशी पहिली शाळा मानली जाते. पुढे १९०० साली अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा चालू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी १९४४ साली मुंबईतच जय वकील शाळा निघाली. या शाळांनी एक मोठी गोष्ट सिद्ध केली. आंधळे लेकरू बोटांनी वाचू शकते, आणि बहिरे लेकरू ओठांच्या हालचालींवरून व खुणांवरून भाषा शिकू शकते. म्हणजे एक दार बंद असले तर दुसऱ्या दाराने ज्ञान आत नेता येते.

तरी या शाळांची एक मर्यादा होती. मूल पाच-सात वर्षांचे झाल्यावर तेथे पोचे. तोपर्यंत भाषा शिकण्याचा खरा हंगाम निघून गेलेला असे. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मृगाची पेरणी मघात केली तर बियाणे चांगले असूनही पीक येत नाही. लहान मेंदूचेही तसेच आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो जेवढ्या झपाट्याने घडतो, तेवढा पुढे कधीच घडत नाही. म्हणून उपचार शाळेच्या आधी, अगदी पाळण्यापासून सुरू झाले पाहिजेत. हा विचार मूळ धरायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली. त्याला निमित्त झाले एका दुष्ट रोगाचे, पोलिओचे.

पोलिओला आपल्याकडे ‘वारं गेलं’ असे म्हणत. दोन दिवस ताप येई आणि तिसऱ्या दिवशी खेळते पोर पाय उचलीनासे होई. या रोगाचे विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतात. पाय जागेवर असतो, पण त्याला हुकूम मिळत नाही. मग वापर नसल्याने तो वाळतो. त्याहून वाईट म्हणजे सांधे आखडतात आणि गुडघा वाकडाच राहतो. सांधा रोज हलवला, उरलेल्या स्नायूंना मेहनत दिली, योग्य वेळी पट्ट्या बांधल्या, तर तेच मूल कुबडीच्या आधाराने का होईना, उभे राहू शकते. गोळी-इंजेक्शनाने हे होत नाही, ते हाताने करावे लागते. या हाताच्या विद्येला भौतिकोपचार म्हणतात. दवाखान्याच्या पाटीवर तिचे नाव फिजिओथेरपी असे असते.

ही विद्या आपल्या राज्यात रुजवण्यात एका आईचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव फातेमा इस्माईल. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारांच्या शोधात त्या मद्रासला डॉक्टर किणी यांच्यापर्यंत गेल्या. मुलगी सुधारू लागली, तेव्हा त्यांच्या मनात आले, की आपल्याला मद्रासला जाता आले, पण ज्यांना जाता येत नाही त्यांच्या मुलांचे काय? १९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्याच कामातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. स्वतःच्या लेकीसाठी धावणारी आई दुसऱ्यांच्या लेकरांसाठीही धावली, यातून एक परंपराच निर्माण झाली.

त्याच सुमारास दुसरी एक बाई याच कामाला लागली होती. कमलाबाई निंबकर यांचे माहेर अमेरिकेत, क्वेकर पंथाच्या घरात. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या १९३० साली हिंदुस्थानात आल्या आणि इथल्याच झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी बनल्या. फिलाडेल्फियाला जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले, आणि परत येऊन १९४८ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या उपचाराचा विभाग काढला. १९५० मध्ये तेथेच शिक्षणाची शाळा सुरू झाली. १९५२ साली देशातल्या व्यवसायोपचारकांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक संघटना बनली, तिच्या संस्थापक दहा देशांत भारत होता. १९५८ साली नागपूरलाही अशी शाळा निघाली. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा आज त्यांचे नाव चालवीत आहे.

व्यवसायोपचार म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगतो, कारण नावामुळे गैरसमज होतो. हा धंदेशिक्षणाचा प्रकार नव्हे. मुलाचा ‘व्यवसाय’ म्हणजे खेळणे, जेवणे, आंघोळ, कपडे घालणे आणि पाटीवर लिहिणे. ही रोजची कामे त्याला स्वतःला करता यावीत, यासाठी त्याच कामांच्या साधनाने दिलेला उपचार तो व्यवसायोपचार. ज्या मुलाच्या बोटांत चमचा धरण्याची ताकद नाही, त्याच्या चमच्याला चिंध्या गुंडाळून दांडा जाड करायचा. ज्याला बसता येत नाही, त्याची बैठक अशी बसवायची की हात मोकळे राहतील. हातात काम द्यायचे आणि कामातून हात सुधारायचा. कणीक मळणे, शेंगा फोडणे, मणी ओवणे ही आपल्या घरातली कामे उत्तम उपचार ठरू शकतात.

१९५२-५३ मध्ये के. ई. एम.मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ-दहा वर्षांतच मुंबईत या विद्येचा पाया पक्का झाला होता.

आता प्रश्न असा, की त्या वेळी आपला जालना कोठे होता?

आपण निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मोकळे झालो. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. सरकारदरबार आणि मोठे दवाखाने यांसाठी आपली तोंडे हैदराबादकडे वळलेली असत. मुंबई नकाशावर सुमारे चारशे किलोमीटर दूर, पण मनाने चार हजार. रेल्वे होती, विसाव्या शतकाच्या तोंडावर गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून गेली. पण तिचे रूळ होते मीटरगेज, आणि मनमाडपासून पुढचे ब्रॉडगेज. पाय गेलेले पोर पाठीवर घेऊन मनमाडला गाडी बदलायची, बोचकी सांभाळायची, मग मुंबईत ओळखपाळख नसता महिनोन्‌महिने राहायचे. भूमिहीन मजुराने हे कसे करावे? आपल्या भागात रुंद रूळ आले ते नव्वदच्या दशकात. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले १९५६ साली. जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. अन् जालन्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा शुभारंभ झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. ही वर्षे एकापुढे एक मांडून पाहा. मुंबईत विद्या आली तेव्हा जे लेकरू जालन्यात पाळण्यात होते, ते आज पंचाहत्तरी ओलांडलेले असेल. आपल्या गावांत त्या पिढीची, हातावर चालत बाजाराला येणारी माणसे आपण पाहिली आहेत. त्यांच्यापैकी किती तरी जण उभे राहू शकले असते. त्यांच्या नशिबात दोष नव्हता. उपचार दूर होते, एवढेच.

पोलिओ हा स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींचा रोग. पण काही मुलांचा दोष आणखी वर, मेंदूत असतो. लिटल नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८६१ साली लंडनच्या डॉक्टरांच्या सभेत मांडले, की अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच श्वास कोंडणे यांचा आणि मुलाचे अंग ताठर होण्याचा संबंध असतो. पुढे कळून आले, की पुष्कळ मुलांच्या बाबतीत ही इजा गर्भातच झालेली असते. तेव्हा सुईणीला किंवा सुनेला दोष देत बसण्यात अर्थ नाही. या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूची ती इजा वाढत नाही आणि पुरती बरीही होत नाही. पण तिच्यामुळे अंगाला लागणारे वळण पुष्कळ बदलता येते. बर्लिनहून इंग्लंडला आलेल्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने १९४० नंतरच्या काळात अशा मुलांना कसे धरावे, बसवावे, निजवावे याची पद्धत बसवली. आजचे तज्ज्ञ आणखी पुढे गेले आहेत. मुलाला नुसते हलवण्यापेक्षा मुलाने स्वतः एखादा हेतू धरून हालचाल करावी आणि ती रोज पुनःपुन्हा करावी, यावर त्यांचा भर असतो. अमेरिकेतील जीन एअर्स यांनी १९७२ साली स्पर्श, तोल, आवाज अशा संवेदनांची जुळणी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मतांविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. पण आवाजाने घाबरणारे, वाळूला हात न लावणारे मूल ‘हट्टी’ असेलच असे नाही, त्याच्या संवेदनाच वेगळ्या असू शकतात, एवढे त्यांच्यामुळे लोकांच्या ध्यानी आले.

१९७२ हेच वर्ष आपल्या राज्यातही महत्त्वाचे. त्या वर्षी गांधीजयंतीला मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. याही एक आईच. त्यांची कन्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. मालिनीताई मोठ्या झाल्या, इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेऊन आल्या, आणि एका बोटाने टंकलेखन करीत त्यांनी आत्मचरित्र लिहिले. ज्याची जीभ वळत नाही त्याची बुद्धीही चालत नाही, असे आपण झटकन ठरवतो. ते केवढे चुकीचे आहे हे यावरून दिसते. शिक्षकबंधूंनी हे उदाहरण मनात ठेवावे.

वाचा आणि श्रवण यांची विद्या त्याच काळात वाढली. म्हैसूरला १९६५ साली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था निघाली. मुंबईत वांद्र्याला ९ ऑगस्ट १९८३ रोजी श्रवणविकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. ते हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. जुन्या हैदराबाद राज्यातल्या आपल्या लोकांना हे नाव परके वाटू नये.

येथे बहिरेपणाविषयी दोन शब्द सांगतो. ‘मुकं पोर’ असे आपण म्हणतो, पण अशा बहुतेक मुलांच्या घशाला वा जिभेला काही झालेले नसते. ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही. बहिरे बाळही पहिले काही महिने गुंगुं आवाज काढते, त्यामुळे घरचे निश्चिंत राहतात. पुढे ते हळूहळू गप्प होते. आता जन्मल्यावर काही दिवसांतच कानात बारीक नळी ठेवून, बाळ झोपेत असतानाही, श्रवणाची तपासणी करता येते. दोष लवकर कळला तर कानाला यंत्र लावता येते, काही मुलांवर कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करता येते. पण त्यानंतरही दोन-तीन वर्षे वाचा शिकवावी लागते, तेव्हाच त्या यंत्राचे चीज होते. खुणांची भाषा हीसुद्धा पुरी भाषा आहे, तिची लाज बाळगू नये. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मामाची मुलगी करण्याची किंवा मामा-भाचीच्या लग्नाची चाल आपल्याकडे काही समाजांत आहे. जवळच्या रक्तातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाचा आणि इतर काही दोषांचा धोका वाढतो. घरात असे एखादे मूल झालेले असेल, तर पुढच्या सोयरिकीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दरम्यान पोलिओचे काय झाले? १९९५ च्या डिसेंबरात देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. रविवारी शाळेत बूथ लागे, शिक्षक आणि अंगणवाडीताई दोन थेंब पाजत, डाव्या करंगळीवर शाई लावत. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हजारो साध्या माणसांनी मिळवलेला असा विजय इतिहासात क्वचितच आढळतो. त्या विजयात आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक तांड्यावस्तीवरच्या ताईचा वाटा आहे.

या अंगणवाडीचेही मूळ महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. ज्या मुलाला उपचार हवे आहेत त्याच्यापर्यंत अंगणात जाऊनच पोचता येईल, हा त्या विचाराचा पुढचा पाठ आहे.

कायद्यांची यादी मी थोडक्यात सांगतो. १९९२ साली पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला आणि उपचारकांच्या व विशेष शिक्षकांच्या शिक्षणाला शिस्त लागली. १९९५ च्या कायद्याने अपंग व्यक्तींना हक्क दिले. २०१६ च्या कायद्याने त्यांचा विस्तार केला आणि सातऐवजी एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग जाहीर केला. शब्दही बदलत आले. लुळा-पांगळा, मग अपंग, आता दिव्यांग. शब्द सुधारले हे चांगलेच. पण शब्द बदलला म्हणून पायात बळ येत नाही. ते उपचारानेच येते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पाऊल २०१३ चे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा गाभा. आशाताई नवजात बाळाला घरी पाहते. डॉक्टरांचे पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळेत येते. जन्मतः असलेले दोष, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी ते पाहतात. शंका आलेल्या मुलासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र उपचार केंद्र असावे, तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, डोळे तपासणारा आणि विशेष शिक्षक एका छपराखाली असावेत, अशी योजनेची रचना आहे. पूर्वी आईला पाच दारे हिंडावी लागत. ती एका अंगणात आणावीत असा हा विचार. शाळांच्या बाजूने समग्र शिक्षा योजनेत तालुक्याला विशेष शिक्षकांची तरतूद आहे. ज्यांना शाळेत येताच येत नाही, त्यांना घरी शिकवण्याचीही सोय आहे.

तेव्हा मुंबई-मनमाड-जालना हा लांबचा टप्पा बराचसा सरला. उरला आहे तो जालन्यापासून घरापर्यंतचा टप्पा. हा टप्पा लहान दिसतो, पण तोच सर्वांत अवघड आहे.

समजा, घनसावंगी तालुक्यातल्या एका वस्तीवर दीड वर्षाचे लेकरू अजून बसत नाही. पथकाने चिठ्ठी दिली. जालन्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार आणि एस. टी.चे भाडे लागणार. एकदा जाऊन काम भागत नाही, पुन्हापुन्हा जावे लागते. इतक्यात दसरा-दिवाळी येते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतली कितीएक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने साखर कारखान्याच्या फडावर, पालात मुक्काम. उपचार सुटतो. चैत्रात परत यावे, तर पोराचे पाय आणखी आखडलेले. आईबाप म्हणतात, ‘केलं की, पण काही गुण आला नाही.’ गुण आला नाही असे नव्हे. गुण यायला रोज लागणारा वेळ मिळाला नाही.

यावर उपाय काय? मोठी इमारत हा एक उपाय, आणि ती मागण्याचा आपला हक्क आहे. रिकाम्या जागा भरा, असे ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींना सांगितलेच पाहिजे. पण तोवर एक गोष्ट हातची आहे. या उपचाराचा मोठा भाग घरीच करायचा असतो. तज्ज्ञ आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा भेटतो, बाकीच्या दिवसांत उपचारक म्हणजे आई, आजी आणि थोरली बहीण. म्हणून तज्ज्ञाकडे जाताना एकच मागणे मागावे : ‘घरी काय करायचे ते हाताने करून दाखवा, आणि आमच्याकडून करून घ्या.’ ऊसतोडीला जाण्यापूर्वी एक भेट घेऊन पाच-सहा महिन्यांचे व्यायाम शिकून घ्यावेत. कागद सोबत न्यावेत. तिकडच्या गावच्या अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रातही नाव सांगावे. आजीआजोबांजवळ मूल ठेवणार असाल, तर आजीला शिकवावे.

शिक्षक आणि अंगणवाडीताईंनी या गोष्टी पाठ कराव्यात. तीन-चार महिन्यांत मान धरते. सहा ते आठ महिन्यांत मूल बसते. दीड वर्षापर्यंत चालते. वर्षाच्या आत नावाला हाक दिली की वळते. वर्षाच्या आसपास एखादा शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलते. थोडे मागेपुढे होते, मुले काही घड्याळे नव्हेत. पण या वेळा बऱ्याच टळून गेल्या, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या बोलण्यावर विसंबू नये. जन्मताच न रडलेले, फार कमी वजनाचे, कडक काविळीने वा झटक्यांनी आजारी पडलेले बाळ असेल, तर वाट न पाहता दाखवावे. तपासणीत काही निघाले नाही, तर एसटीचे भाडे गेले एवढेच. निघाले आणि उशीर झालेला असला, तर वर्षे गेली.

वर्गात बसणाऱ्या मुलांबद्दलही एक विनंती. जो मुलगा शेवटच्या बाकावर गप्प बसतो, हाक दिली तरी ऐकत नाही, त्याला छडी दाखवण्याआधी त्याच्या पाठीमागून हळूच हाक मारून पाहा. जिचे अक्षर गिचमिड होते, तिची पेन्सिल धरायची बोटे पाहा. जो फळा पाहताना डोळे बारीक करतो, त्याला पुढे बसवा. ही कामे करायला पदवी लागत नाही, लक्ष लागते. आणि घरी बसून राहिलेल्या मुलाचे नाव पटावर घेणे ही तर शिक्षकाचीच जबाबदारी आहे. पटावर नाव आले, की योजनेचे हात त्याच्यापर्यंत पोचू लागतात.

वाचकहो, या सगळ्या इतिहासात मला एक सूत्र दिसते. फातेमाबाई, कमलाबाई, मिठूताई यांच्यापैकी कोणालाही सरकारने बोलावून काम दिले नव्हते. एकीने आपल्या लेकीसाठी दार ठोठावले, एकीने पन्नाशीच्या जवळ येऊन नवी विद्या शिकली, एकीने आपल्या मुलीची बुद्धी जगाला दाखवली. सरकारच्या योजना त्यांच्या मागून आल्या. आपल्या जिल्ह्यातही वाट अशीच पुढे जाईल. आपल्या वाडीवस्तीवर असे एखादे लेकरू असेलच. त्याच्या घरी या आठवड्यात जाऊन या, आणि त्याच्या आईला जिल्हा रुग्णालयाची वाट सांगा. जमले तर पहिल्या खेपेला तिच्यासोबत जा. एकटीला तिथले दालन सापडत नाही म्हणून परत आलेल्या आया पुष्कळ आहेत.